रज्जबमध्येच बोलायला हवं
टाइप २ मधुमेह आणि रमजानचे रोजे : प्रस्तावना

रमजान तोंडावर आला की महाराष्ट्रातल्या असंख्य दवाखान्यांत एकच संभाषण होतं आणि ते दोन वाक्यांत संपतं. “डॉक्टर, रोजे ठेवू का?” “शुगर आहे ना तुम्हाला? मग नका ठेवू.” पेशंट मान हलवतो, चिठ्ठी खिशात घालतो, घरी जातो आणि चंद्र दिसला की सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, उठतो. नाश्त्याआधीची गोळी आता पहाटे घ्यायची, संध्याकाळी घ्यायची की महिनाभर सोडूनच द्यायची, हे त्याचं तोच ठरवतो. डॉक्टरांना विचारायची सोय उरलेली नसते, कारण डॉक्टरांच्या लेखी तो रोजे ठेवतच नाही.

हे पुस्तक त्या दोन वाक्यांनंतर जे बोलणं व्हायला हवं होतं, त्यासाठी आहे.

मधुमेह असलेले लोक रोजे ठेवतात, आणि मोठ्या संख्येनं ठेवतात. भारतासह १३ देशांत २००१ साली झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिडायर’ या पाहणीत १२ हजारांहून अधिक मधुमेहींची माहिती गोळा केली होती. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांनी त्या रमजानमध्ये किमान १५ रोजे ठेवले होते. याच पाहणीत साखर अतिशय उतरण्याचे, म्हणजे रुग्णालयात न्यावं लागण्याइतके गंभीर प्रसंग टाइप २ मध्ये एरवीच्या साडेसात पट झाल्याचं दिसलं. साखर धोकादायक चढण्याचे प्रसंग पाच पट झाले. ‘साडेसात पट’ ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून मूळ आकडाही सांगायला हवा : दर १०० माणसांमागे महिन्याला ०.४ प्रसंग होते, ते ३ झाले. म्हणजे बहुसंख्य लोक महिना सुखरूप पार पाडतात, आणि काही जण पाडत नाहीत. हे ‘काही जण’ कोण असणार, याचा अंदाज आधी बांधता येतो. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाचवताही येतं. माझ्या लेखी या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

डॉक्टरांच्या ‘नका ठेवू’मध्ये काळजी असते, हे मला मान्य आहे. पण समोरच्या माणसाच्या दृष्टीनं रोजा काय आहे, याची त्यात दखल नसते. आपल्याकडच्या डॉक्टरांना उपवास नवा नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर चढवून घेणारे पेशंट त्यांनी पाहिलेले असतात, नवरात्राचे नऊ दिवस सांभाळलेले असतात. पण त्या उपवासात पाणी चालतं, बहुधा चहा चालतो, गोळीही घेता येते. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब नाही, तोंडावाटे औषध नाही, आणि हे एक दिवस नव्हे तर २९ किंवा ३० दिवस. शिवाय तो एकट्यानं करायचा नेम नाही. सगळं घर, सगळा मोहल्ला एकाच वेळी उठतो आणि एकाच वेळी खजूर हातात घेऊन अजानची वाट पाहतो. लहानपणी हट्टानं पहिला रोजा ठेवलेला माणूस साठीला पोचल्यावर त्याला ‘तुम्ही आता बाजूला बसा’ म्हणणं म्हणजे त्याला घरातल्या दस्तरखानावरून उठवणं आहे. आजारापेक्षा हे दुखणं मोठं असतं. म्हणून तो ऐकत नाही. आणि ऐकत नाही हे सांगतही नाही.

खुद्द धर्मानं इथं दार बंद केलेलं नाही. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात, जिथं रोजे बंधनकारक केले आहेत, तिथंच लागोपाठच्या आयतींमध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे. सुटलेले रोजे नंतर इतर दिवशी पुरे करावेत, त्याला कजा म्हणतात. ज्याला नंतरही ते झेपणार नाहीत, त्यानं एकेका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावं, तो फिदया. सवलत देण्यामागे अल्लाहला माणसांसाठी सुकरता हवी आहे, त्रास नको आहे, असं कारणही त्याच ठिकाणी दिलेलं आहे. आलिम मंडळींना हे माहीत असतंच. अडचण असते ती ‘आजारी’ कोणाला म्हणायचं याची. बारा वर्षं शुगर असलेला, पण दिसायला ठणठणीत माणूस स्वतःला आजारी समजत नाही, आणि मशिदीतल्या मौलानांसमोर त्याचे रिपोर्ट नसतात. रिपोर्ट डॉक्टरांपाशी, मसला मौलानांपाशी आणि निर्णय पेशंटच्या घरी, अशी ही तीन ठिकाणी विभागलेली गोष्ट आहे. रमजानआधीच्या शाबान महिन्यातल्या एखाद्या जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी पाच मिनिटं या विषयावर बोलावं आणि ‘तुमचा डॉक्टर मनाई करत असेल तर ती मनाई पाळणं दीनच्या चौकटीतच आहे’ एवढं सांगावं. त्याचा जो परिणाम होतो तो माझ्यासारख्यांनी वर्षभर बोलून होत नाही.

आता शरीरात काय घडतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सहरी पहाटे पाचला संपली असं धरा. त्या जेवणातली साखर चार-पाच तास पुरते. त्यानंतर यकृत आपल्या साठ्यातलं ग्लायकोजेन मोडून रक्तात ग्लुकोज सोडू लागतं, आणि तो साठा उतरत गेला की प्रथिनं व चरबीच्या घटकांपासून नवं ग्लुकोज तयार करतं. मधुमेह नसलेल्या माणसात या काळात इन्सुलिन आपोआप कमी होतं आणि ग्लुकॅगॉन वाढतं, त्यामुळे दिवसभर साखर एका पातळीवर राहते. मधुमेहात हा मेळ दोन्ही बाजूंनी बिघडू शकतो. इन्सुलिन अपुरं असेल तर यकृत गरजेपेक्षा जास्त साखर ओतत राहतं. माणूस उपाशी असतो आणि मीटरवर २८० दिसतात. उलट, पहाटे घेतलेली गोळी किंवा टोचलेलं इन्सुलिन दुपारीही कामच करत असेल, तर पोटात काही नसताना साखर खाली ओढली जाते. पाणी नसल्यानं रक्त घट्ट होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो, तो वेगळाच.

दुपारी तीन ते मगरीब (सूर्यास्ताची नमाज) हा या दृष्टीनं सगळ्यात नाजूक काळ. भिवंडीत किंवा मालेगावात यंत्रमागावर उभा असलेला कामगार, मुंबईत रिक्षा चालवणारा माणूस, कुवेतमध्ये उन्हात काम करणारा आपला रत्नागिरीचा भाऊ, या सगळ्यांचे श्रम या तासांमध्ये थांबलेले नसतात. हात थरथरणं, घाम फुटणं, छातीत धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे धूसर होणं ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. पण रोज्यात ‘भूक लागलीय, थकलोय, होणारच’ म्हणून ती सहज दुर्लक्षिली जातात.

औषधांविषयी पुस्तकात सविस्तर प्रकरण आहे. इथं मोजक्याच गोष्टी सांगतो, आणि त्याही एका अटीवर : यातला एकही बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मेटफॉर्मिननं एकट्यानं साखर सहसा धोकादायक उतरत नाही, त्यामुळे त्याच्या वेळा सहरी आणि इफ्तारला (संध्याकाळी रोजा सोडताना) जोडून घेता येतात; दुपारचा डोस असेल तर तो इफ्तारच्या डोसात जातो. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या ही खरी काळजीची गोष्ट. त्यातली जुनी, दीर्घकाळ काम करणारी ग्लिबेनक्लामाइड रमजानमध्ये टाळावी. ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिमेपिराइड असेल तर मोठा वाटा इफ्तारला आणि सहरीचा डोस कमी, अशी फेरमांडणी करतात. आपल्याकडची एक खास अडचण इथं लक्षात ठेवायला हवी. पेशंट म्हणतो, “माझी एकच गोळी आहे,” पण त्या एका गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असतात, कधी तिसरंही औषध असतं. त्यामुळे ती गोळी पहाटे आणि संध्याकाळी अशी सरळ वाटून घेणं म्हणजे दुपारच्या धोक्याला पहाटेच आमंत्रण देणं ठरतं. गोळ्यांचं पाकीट घेऊन या, नुसतं नाव सांगू नका, असा आग्रह म्हणूनच धरतो.

ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांचा डोस सहसा बदलावा लागत नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या इफ्तारला घ्याव्यात, रात्री पाणी भरपूर प्यावं, आणि त्या ऐन रमजानच्या तोंडावर नव्यानं सुरू करू नयेत. इन्सुलिनमध्ये दिवसाकाठी एकदा टोचायचं दीर्घ पल्ल्याचं इन्सुलिन इफ्तारला आणून साधारण १५ ते ३० टक्के कमी करतात. मिश्र इन्सुलिन दोन वेळा घेणाऱ्यांचा नेहमीचा सकाळचा डोस इफ्तारला जातो आणि नेहमीचा संध्याकाळचा डोस २५ ते ५० टक्के कमी करून सहरीला येतो. हे आकडे म्हणजे सुरुवात. पुढचा डोस मीटरवरच्या नोंदी पाहून ठरतो.

आणि इथेच एक गैरसमज आडवा येतो. बोटाला टोचून रक्ताचा थेंब काढला तर रोजा मोडतो, असं मानून कितीतरी लोक महिनाभर ग्लुकोमीटर कपाटात ठेवतात. इस्लामी सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनं १९९७ मध्ये जेद्दाहच्या अधिवेशनात याचा स्पष्ट निवाडा केला आहे : तपासणीसाठी रक्त काढल्यानं रोजा मोडत नाही, आणि पोषण देणारी सलाइनं सोडून त्वचेखाली, स्नायूत किंवा शिरेत घेतलेल्या इंजेक्शनानंही मोडत नाही. इन्सुलिनही त्यात आलं. घरातल्या थोरल्यांची खात्री पटत नसेल तर आपल्या मौलानांना विचारा; पण विचारा, कपाट बंद ठेवू नका. पट्ट्या महाग असतात हे खरं. ज्यांना रोज अनेकदा तपासणं परवडत नाही त्यांनी निदान दुपारी उशिरा आणि इफ्तारनंतर दोन तासांनी, या दोन वेळा धराव्यात. आणि अंगात काहीही वेगळं वाटलं की लगेच.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, ३०० च्या वर गेली, किंवा मीटर काहीही दाखवो पण माणसाला बरं वाटेनासं झालं, तर रोजा तिथंच सोडायचा. ही रेषा मी या पुस्तकातली सगळ्यात ठळक रेषा मानतो. मगरीबला अर्धा तास उरलेला असताना ती पाळणं सगळ्यात कठीण जातं. दिवसभर निभावलं, आता एवढ्यासाठी कशाला, असं वाटतं; घरचेही तसंच म्हणतात. पण त्या अर्ध्या तासात साखर ६५ वरून ४५ वर येऊ शकते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. साखर उतरून सावरली तरी त्या दिवशीचा रोजा संपला. तो पुढे कजा करता येतो.

इफ्तारच्या ताटाविषयी लिहिताना मी जरा सांभाळून लिहितो. त्या ताटात एका घराचा आनंद असतो, त्याच्याकडे फक्त कॅलरींचा हिशेब म्हणून पाहणं बरं नाही. मिनारा मशिदीच्या गल्लीतले मालपुवे, छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया, कोकणी मुस्लिम घरातली तांदळाची भाकरी आणि कालवण, घरोघरची भजी, समोसे, लालबुंद शरबत : यांच्याशिवाय रमजान म्हणजे काय, असं कोणीही विचारेल. प्रश्न क्रमाचा आणि मापाचा आहे. बारा-तेरा तासांच्या उपासानंतर शरबत, खजूर, फळांची साखर घातलेली चाट आणि तळलेलं, हे सगळं पंधरा मिनिटांत पोटात गेलं की साखर अशी उसळते की पुढची तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, जड डोक्यानं होते. खजूर एक-दोन, मग पाणी, मगरीबची नमाज, आणि नंतर शांतपणे जेवण : अर्धं ताट भाज्या-कोशिंबिरीचं, पाव भाग डाळ, मासे, चिकन किंवा अंड्याचा, पाव भाग भाकरी किंवा भाताचा. नमाजसाठीचा हा मधला विराम अनेक घरांत पूर्वापार आहे आणि वैद्यकीयदृष्ट्या तो फार उपयोगाचा आहे. शरबत मात्र मधुमेहीनं सोडावंच. त्याला मी सवलत देऊ शकत नाही. सहरी शेवटच्या वेळेपर्यंत लांबवणं ही सुन्नत आहे, आणि शरीरालाही तेच हवं असतं. रात्री उशिरा जेवून ‘आता सहरीला उठत नाही’ म्हणणाऱ्याचा उपास चार-पाच तासांनी वाढतो. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, डाळ, अंडं, दही असं सावकाश पचणारं खावं. तरावीहच्या रकाती हा चांगला व्यायाम आहे, त्यामुळे त्या दिवसांत वेगळं चालायला जायची गरज नाही. दिवसा तर नकोच.

घरातल्या बाईकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. सहरीच्या तासभर आधी ती उठलेली असते. सगळ्यांना वाढून झाल्यावर, अजानला पाच मिनिटं असताना, चहात बुडवलेला पाव हीच तिची सहरी होते. दुपारनंतर, तिची साखर सगळ्यात खाली असण्याच्या वेळी, ती गॅससमोर उभी राहून भजी तळत असते. चव पाहायची सोय नाही, बसायची सवड नाही. मधुमेह तिलाही आहे, पण घरात ‘शुगर’चा पेशंट म्हणजे अब्बा. तिच्या गोळ्या कधी घ्यायच्या हे विचारायला दवाखान्यात कोणी येत नाही. पाळीच्या दिवसांत तिला रोजे माफ असतात, ते ती नंतर एकटीनं भरून काढते. आणि हे कजा रोजे डॉक्टरांच्या नजरेतून पुरते निसटतात. रमजान संपलेला असतो, डोस पूर्ववत झालेले असतात, घरात सगळे नेहमीसारखे जेवत असतात आणि ती पूर्ण डोस घेऊन उपाशी असते. माझं सांगणं असं की कजाच्या दिवशीही रमजानचाच डोस लागू, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं. आणि अम्मीची सहरी घरातल्या कोणीतरी वाढावी. हे मी सल्ला म्हणून नाही, उपचार म्हणून लिहितो आहे.

कोणी रोजा ठेवू नये, याचं उत्तर आता अंदाजानं द्यावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि ‘डायबिटीज अँड रमजान’ या संघटनेनं २०१६ मध्ये काढलेली आणि २०२१ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात मधुमेहाचा प्रकार, किती वर्षं आहे, औषधं कोणती, साखर उतरण्याचा इतिहास, मूत्रपिंडं, वय, कामाचं स्वरूप, गेल्या रमजानचा अनुभव अशा गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात. ३ पर्यंत धोका कमी, ३.५ ते ६ मध्यम, ६ च्या वर जास्त. डायलिसिसवर असलेले, गेल्या तीन महिन्यांत साखर उतरून रुग्णालयात गेलेले, साखर उतरली तरी ज्यांना लक्षणं जाणवत नाहीत असे, इन्सुलिनवर असलेल्या गर्भवती : यांच्या बाबतीत संदिग्धता नाही. पण बेरजेत कमी गुण आले म्हणून मोकळं सोडावं असंही नाही. कमी धोक्याच्या माणसालाही डोसची वेळ बदलून घ्यावीच लागते.

आणि शिकवल्यानं फरक पडतो का? लंडनमध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या १११ मुस्लिमांच्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, काहींनी रमजानआधी दोन तासांचा शिकवणीवर्ग केला, काहींनी केला नाही. वर्ग केलेल्यांमध्ये साखर उतरण्याचे प्रसंग ९ वरून ५ वर आले. न केलेल्यांमध्ये ९ चे ३६ झाले. पहिल्या गटाचं वजन थोडं घटलं, दुसऱ्याचं थोडं वाढलं. अभ्यास लहान होता, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे लक्षात घेऊनही मला तो मोलाचा वाटतो. एकही नवं औषध न देता हे घडलं.

म्हणून वेळेचा आग्रह. वर उल्लेखलेली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की डॉक्टरांची भेट रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हावी. आपल्या पेशंटला ही मुदत इंग्रजी तारखांत लक्षात राहत नाही, कारण रमजान दरवर्षी १०-११ दिवसांनी मागे सरकतो : २०१६ मध्ये तो जूनच्या उकाड्यात होता, २०२६ मध्ये फेब्रुवारीत, आणि २०३० मध्ये तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. मुंबईच्या अक्षांशावर रोजा कधी सव्वाबारा तासांचा असतो तर कधी साडेचौदा तासांचा, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा डोस आज जसाच्या तसा चालेल असंही नाही. पण हिजरी महिने घराघरांत पाठ असतात. सहा ते आठ आठवडे आधी म्हणजे शाबानच्याही आधीच्या रज्जब महिन्याचा पहिला पंधरवडा. शाबानच्या मध्यावरची शब-ए-बारात झाल्यावर दवाखान्यात आलात तर हातात दोनच आठवडे उरतात. तेवढ्यात तीन महिन्यांच्या साखरेचा आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहून, औषध बदलून, त्याचा परिणाम जोखणं होत नाही. रज्जबमध्ये आलात तर शाबानमध्ये, जेव्हा अनेक जण नफिल (ऐच्छिक) रोजे ठेवतातच, त्यातला एखादा रोजा नव्या डोसवर, दिवसभर मीटर लावून, डॉक्टरांना सांगून करून पाहता येतो. तो एक दिवस जे दाखवतो ते कोणतीही बेरीज दाखवत नाही.

डॉक्टर मित्रांना एकच विनंती आहे. पेशंट विचारेल याची वाट पाहू नका. रज्जबमध्ये येणाऱ्या प्रत्येक मुस्लिम मधुमेहीला तुम्हीच विचारा, “या वर्षी रोज्यांचं काय ठरवलंय?” प्रश्न असा विचारला की खरं उत्तर मिळतं, आणि ज्याला खरंच मनाई करायची त्याला केलेली मनाईही मग ऐकली जाते.

पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता कोरा ठेवला आहे. त्यात सहरीचा डोस, इफ्तारचा डोस, तपासायच्या वेळा, रोजा सोडायचे आकडे आणि फोन करायचा नंबर हे डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं भरायचं आहे. त्याखाली आणखी एक रकाना आहे, तो ईदसाठी. शीर-खुर्मा त्या दिवशी एक वाटी, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या पूर्वीच्या वेळेला, पूर्वीच्या मापात. कमी केलेला डोस तसाच पुढे चालू राहून महिन्या-दोन महिन्यांत साखर बेफाम झालेले पेशंट दरवर्षी दिसतात. ईदनंतर शव्वाल महिन्यातले सहा रोजे ठेवणार असाल तर तेही त्याच रकान्यात लिहून घ्या.